कळवा, मिळवा, टाळा : भिंतीवरच्या आरोग्याचं व्याकरण

मराठीत कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, हल्ली वेबसिरीजचीही होते. पण ज्या मजकुराला मराठीत सर्वांत जास्त वाचक आहेत, त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द लिहीत नाही. हा मजकूर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कंपाउंडवर असतो, शाळेच्या मागच्या भिंतीवर असतो, एसटीच्या पाठीवर असतो, सार्वजनिक शौचालयाच्या दारावर असतो. ‘पाणी उकळून प्या.’ ‘परिसर स्वच्छ ठेवा.’ ‘उघड्यावरचे अन्नपदार्थ खाणे टाळा.’ त्याला लेखकाचं नाव नसतं, आवृत्ती नसते, मानधनही बहुधा नसतं. तरी तो साहित्यच आहे, कारण त्यात कुणीतरी कुणाशी तरी बोलतंय आणि काहीतरी घडावं म्हणून बोलतंय. ते घडतं का, हे तपासणं समीक्षकाचं काम आहे. कुणी करत नाही म्हणून मी करतो.

माझी या विषयातली पात्रता एवढीच की मी सॉफ्टवेअर लिहितो आणि त्यात एरर मेसेज लिहिण्याचं काम बऱ्याचदा माझ्याकडे येतं. कुणाला आवडत नाही ते काम, म्हणून. ‘माहिती अवैध आहे, कृपया योग्य माहिती भरा’ असा मेसेज लिहिणाऱ्याला आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये परत पाठवतात. योग्य म्हणजे काय, हे वापरणाऱ्याला माहीत असतं तर त्याने चुकीचं कशाला भरलं असतं? त्याऐवजी ‘कॅप्स लॉक सुरू आहे’ एवढंच लिहिलं तर तो बिचारा स्वतःच बोट पुढे करून ते बंद करतो. त्याला ‘बंद करा’ सांगावंही लागत नाही. ही दोन वाक्यं डोक्यात ठेवून मी गेली दोनेक वर्षं वसईच्या पूर्वेकडच्या भिंती वाचतोय.

राहतो नायगावला. सुट्टीच्या दिवशी जूचंद्रवरून हायवेला, चिंचोटीला जाणं होतं. चिंचोटी म्हणजे मुंबईकरांसाठी धबधबा, ट्रकवाल्यांसाठी भिवंडीकडे वळायचा फाटा. मधल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये जे आहे ते दोघांनाही दिसत नाही: गाळे, गोदामं, भाड्याच्या चाळी, तुंगारेश्वरच्या पायथ्याचे आदिवासी पाडे, पाण्याचे टँकर आणि गॅरेजं. तिथल्या एका भिंतीवर ‘पाणी उकळून व गाळून प्या’ असं निळ्या रंगात लिहिलेलं आहे आणि त्याच भिंतीला टेकून सकाळी रिकाम्या कॅनची रांग लागलेली असते. पाणी कधी येणार, हे भिंतीवर कुठेच नाही. ते आलं की उकळायला गॅस लागतो, आणि सहा माणसांचं पिण्याचं पाणी रोज उकळायचं तर सिलेंडर महिन्याच्या आधीच संपतो. वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. वैद्यकीयदृष्ट्याही. फक्त ज्याच्याशी ते बोलतंय तो माणूस त्यात नाही.

या मजकुराचं व्याकरण बघा. क्रियापदं जवळजवळ सगळी आज्ञार्थी: करा, धुवा, टाळा, घ्या, थुंकू नका. सरकारी कागद थोडा औपचारिक झाला की विध्यर्थ येतो: ‘नागरिकांनी घराभोवती पाणी साचू देऊ नये.’ आणि वरचा साहेब बोलू लागला की कर्मणी: ‘जनतेस आवाहन करण्यात येते की…’. आवाहन कोण करतंय? कुणी नाही, ते आपोआप करण्यात येतं. मराठीत कर्ता लपवायच्या जेवढ्या जागा आहेत तेवढ्या सगळ्या सरकारी आरोग्यभाषेने शोधून काढल्या आहेत. सांगणारा वाक्यातून गायब आणि ऐकणारा मात्र प्रत्येक वाक्यात, हात बांधून उभा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, हे खरं. कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा कोरडी करणं माझं काम आहे, हेही खरं. पण अर्धवट सोडलेल्या इमारतीच्या तळघरात जुलै ते ऑक्टोबर जे तळं असतं त्याला ‘साचू देऊ नये’ हे कुणी सांगायचं? भिंत फक्त चालत जाणाऱ्याशी बोलते. बिल्डर गाडीतून जातो.

म्हणजे आज्ञार्थ वाईट, असं नाही. मराठीतलं आरोग्याचं सर्वांत यशस्वी वाक्य आज्ञार्थातच आहे. माझ्या आजीच्या पिढीतल्या कुणालाही विचारा. १९७०च्या दशकात गावोगावच्या भिंतींवर गेरूने लिहिलेलं असायचं: देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा. आजीला त्या काळातले मुख्यमंत्री आठवत नाहीत, हे वाक्य आठवतं. ‘हजार रुपयांसाठी आम्ही पोरं दुसऱ्याच्या पोरांची तोंडं बघत हिंडायचो,’ असं ती सांगते.

या वाक्याची कारागिरी यमकात नाही. ते वाचणाऱ्याला काहीतरी शोधायला लावतं, हा त्यातला पहिला भाग. दुसरा भाग असा की त्यात दोन्ही बाजूंना काम आहे: तू कळव, सरकार पैसे देईल. सौदा स्वच्छ आहे. आणि तिसरा, जो मला सगळ्यात आवडतो: ते आजाराला ‘देवी’च म्हणतं. लोक त्या आजाराला देवीचं येणं मानत होते. सरकारला त्यांच्याशी वाद घालता आला असता, भिंतीवर अंधश्रद्धेवर प्रवचन देता आलं असतं. त्याने तसं केलं नाही, लोकांचाच शब्द उचलला आणि त्याला ‘रोगी’ जोडून टाकलं. त्यामागची पद्धतही तशीच होती. सगळ्या देशाला पुन्हा पुन्हा टोचत बसण्याऐवजी रुग्ण शोधायचा, त्याच्याभोवतीच्या माणसांना टोचायचं, साथीला कुंपण घालायचं. रुग्ण शोधायला लाखो डोळे लागतात, आणि ते डोळे पगारावर ठेवता येत नाहीत. मे १९७५मध्ये भारतातले शेवटचे रुग्ण सापडले, १९८०मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. श्रेय अर्थात लशीचं आणि ती घेऊन पायी हिंडलेल्या माणसांचं. पण ते वाक्य त्या यंत्रणेचा एक चालता भाग होतं, सजावट नव्हतं.

याच्या अगदी उलट टोकाचं वाक्य आपल्या पिढीने ऐकलं आहे. सप्टेंबर २०२०मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहीम काढली: ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’. मोहिमेत प्रत्यक्ष काय होतं? आरोग्य कर्मचारी आणि स्वयंसेवकांची पथकं घरोघरी गेली, ताप मोजला, बोटाला ऑक्सिमीटर लावला, मधुमेह-रक्तदाब असलेल्यांची नोंद केली. अफाट काम होतं ते. राज्यातल्या प्रत्येक दारावर सरकार स्वतः जाऊन उभं राहिलं. आणि नाव काय दिलं? माझी जबाबदारी. जे सरकार करत होतं तेच नावातून पुसून टाकलं आणि जे माणसाच्या हातात नव्हतं ते त्याच्या नावावर चढवलं. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण असताना ‘माझे कुटुंब’ म्हणजे कुठून कुठपर्यंत, हा प्रश्न त्या घोषणेला पडलाच नाही. एका चांगल्या कामाला इतकं वाईट शीर्षक क्वचितच मिळालं असेल. एखाद्या कवीने केलं असतं तर समीक्षकांनी सोडला नसता.

त्याच वर्षी मार्चमध्ये फोन लावला की पलीकडून आधी खोकला ऐकू यायचा. आठवतंय? नंतर बाई बोलू लागायची. तो खोकला मात्र, घोषणेच्या दृष्टीने, मला अजूनही धाडसी वाटतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माणूस दचकला होता. दोनशेव्या वेळी तो कोणता तरी अंक दाबून बाईला गप्प करत होता. आमच्या धंद्यात याला नोटिफिकेशनचा थकवा म्हणतात. सगळ्याच गोष्टी तातडीच्या असल्या की कोणतीच तातडीची राहत नाही.

सक्तीची भाषा आपल्याकडे नवी नाही. २०२०मध्ये ज्या कायद्याखाली आदेश निघाले तो साथरोग कायदा १८९७चा, म्हणजे प्लेगच्या वर्षाचा. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घरात शिरत होते, माणसं आणि सामान बाहेर काढत होते, आणि २२ जून १८९७च्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. मराठी माणसाला प्लेग म्हटलं की काय आठवतं? गाठ, ताप, उंदीर नाही. रँड आठवतो. त्यावर सिनेमा आहे, तारीखच त्याचं नाव आहे. रोगाने किती माणसं मारली हे पार्श्वभूमीला गेलं आणि रोग थांबवायला आलेला माणूस खलनायक झाला. घर तपासणं, रुग्ण वेगळा ठेवणं यात आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने काही तथ्य होतंच. ते ज्या भाषेत झालं, ज्या बुटांनी झालं, ते मात्र सव्वाशे वर्षं टिकलं.

त्याच वर्षाची आणखी दोन माणसं आहेत. मुंबईत डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना. परळच्या संस्थेला त्यांचं नाव आहे. आणि पुण्यात सावित्रीबाई फुले मुलाने, डॉ. यशवंतने, चालवलेल्या दवाखान्यात रुग्ण आणत होत्या. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्या, त्यांनाच लागण झाली, १० मार्च १८९७ला गेल्या. तीन महिन्यांच्या आत, एकाच आजाराबद्दल, तीन वेगळी व्याकरणं. रँडचं आज्ञार्थी. बाकी दोघांचं प्रथम पुरुषी: मी घेतो, मी आणते.

प्रथम पुरुषाची ही परंपरा गाडगेबाबांनी पुढे नेली. गावात शिरले की आधी खराटा, संध्याकाळी कीर्तन, आणि कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्न जास्त. समोरच्याने उत्तर द्यायचं, म्हणजे विचार त्यानेच करायचा. २०००-०१मध्ये सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. अभियानाने गावंच्या गावं झाडून निघाली, स्पर्धेमुळे का होईना. ते कमी लेखायचं कारण नाही. पण त्याच काळापुढे ‘गुड मॉर्निंग पथक’ नावाचा प्रकार निघाला. पहाटे उघड्यावर बसलेल्यांना गाठायचं, शिट्टी वाजवायची, कधी गुलाबाचं फूल द्यायचं, कधी दंड करायचा, कधी फोटो. नाव किती गोड आहे बघा! हातात टमरेल घेतलेल्या बाईला पहाटे पाच वाजता ‘गुड मॉर्निंग’. खराट्याच्या जागी शिट्टी आली आणि प्रश्नाच्या जागी कॅमेरा. नावात विनोद आहे, पण तो विनोद कोणाच्या अंगावर केलाय ते बघितलं की हसू येत नाही. संडास बांधून झाल्यावर त्यात ओतायला पाणी कुठून आणायचं, हे पथकाच्या कामात बसत नव्हतं.

आता मला या सगळ्या प्रकारात सर्वोत्तम वाटणारी रचना सांगतो. तिच्यात एकही शब्द नाही.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी १९८६मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. तिथे लहान बाळं न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे एका मिनिटातले श्वास मोजावे लागतात. गावातल्या दाईला मोजणी येत नाही, घड्याळ येत नाही. यावर भिंतीला सुचलं असतं ते वाक्य तुम्हीही सांगू शकाल: ‘बाळाच्या श्वासाकडे लक्ष द्या’. त्यांनी त्याऐवजी एक साधं यंत्र केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दहापर्यंत मोजता येतं तिला. बोटं दहाच असतात. वाळू संपायच्या आत लाल मण्याला हात लागला, तर बाळाला न्यूमोनिया आहे.

मी स्क्रीनवर बटणं कुठे ठेवायची यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्या लोकांमध्ये बसतो. इतका चांगला इंटरफेस मी दुसरा पाहिलेला नाही. त्यात दाईच्या अडाणीपणाबद्दल तक्रार नाही. तिला जे येतं तिथून ते सुरू होतं आणि निदान तिच्या हातात देतं. पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतला अर्भकांचा पहिल्या २८ दिवसांतला मृत्युदर हजारी ६२वरून २५च्या आसपास आला. १९९९मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे हीच पद्धत देशभरातल्या आशांच्या कामात आली. त्याच्याही आधी, १९७०पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी निरक्षर, बहुतेक दलित बायकांना गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं होतं. म्हणजे महाराष्ट्राला हे येत होतं. भिंत रंगवताना ते आठवत नाही, एवढंच.

आशांचा विषय निघाला आहे तर एक शब्द घ्यायलाच हवा: मानधन. आशाला पगार नाही, मानधन आहे, आणि ती कर्मचारी नाही, ‘स्वयंसेविका’ आहे. २०२३च्या शेवटी आणि २०२४च्या सुरुवातीला राज्यातल्या आशा संपावर गेल्या, त्या याच शब्दाच्या विरोधात होत्या असं मी वाचतो. ‘मान’ आधी आणि ‘धन’ नंतर, आणि दोन्ही अर्धवट. भिंतीवरच्या सगळ्या आज्ञार्थांचा खरा भार जी पायी वाहते, तिच्यासाठी भाषेने इतका पातळ शब्द निवडावा, हा अपघात नाही. जे काम घरातली बाई करते तसंच हे, असं त्या शब्दाला म्हणायचं आहे.

सरकारी भिंतीवर मण्यासारखं वाक्य कधीच नसतं, असंही नाही. चिंचोटीच्या बाजूलाच एका पत्र्यावर आहे: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, तपासणी मोफत. सुंदर वाक्य आहे. त्यात मोजता येण्याजोगी खूण आहे, दोन आठवडे. पुढे काय करायचं ते आहे. आणि सरकार काय देणार तेही आहे. टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला पैसे मिळतात, आधी ५००, नोव्हेंबर २०२४पासून १०००. म्हणजे पुन्हा कळवा-मिळवाच. पण ही गोष्ट ‘निक्षय पोषण योजना’ या नावाखाली झाकलेली आहे. हजाराचा आकडा तोच, पन्नास वर्षांत त्याची किंमत किती राहिली ते सोडा. तरी तो भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहायचा कुणाला सुचलेला नाही. गाळ्यात रोजावर काम करणारा माणूस ‘निक्षय’ शब्दाशी थांबत नाही. हजार रुपयांशी थांबेल.

आणि मग धबधब्याकडे जाणारा रस्ता. चिंचोटीला दर पावसाळ्यात माणसं बुडतात. बहुतेक विशीतली, बहुतेक मुलगे, मुंबईतून आलेले. म्हणून दर पावसाळ्यात पोलिसांचा मनाई आदेश निघतो आणि बातमी येते, आणि दर रविवारी हायवेवर बाइक लावून पोरं जंगलात शिरतात. बुडणं हा आरोग्याचा विषय आहे, असं आपल्याकडे कुणी मानत नाही. जागतिक आरोग्य संघटना मानते, २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवसही आहे. आपल्याकडे तो कायदा-सुव्यवस्थेचा विषय, म्हणून त्याची भाषा पोलिसांची: ‘प्रवेश निषिद्ध. उल्लंघन करणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ हे वाक्य मरणाबद्दल बोलतच नाही. ते पकडलं जाण्याबद्दल बोलतं. वाचणारा पोरगा त्याच हिशेबाने विचार करतो: पोलीस दिसत नाहीत, म्हणजे धोका नाही.

फाट्यावरच्या एका रिक्षावाल्याला मी विचारलं होतं, तुमची पोरं जातात का तिकडे. म्हणाला, ‘जातान ना. पन डोंगराव काला झाला का पान्यात थांबाचा नाय, सरल निंघाचा.’ खाली ऊन असलं तरी वर तुंगारेश्वरच्या माथ्यावर पाऊस पडत असतो आणि ते पाणी मागाहून एकदम येतं. डोहाच्या कडेचा दगड शेवाळलेला असतो. पृष्ठभाग शांत दिसतो तिथेच खोल असतं. त्याच्या वाक्यात मणी आहे: डोंगरावर काळं. मान वर केली की दिसतं, शाळा लागत नाही, पोलीस लागत नाही. त्या पाटीवर ‘कायदेशीर कारवाई’च्या जागी हे एक वाक्य लिहिलं, आणि खाली जाड अक्षरात या डोहात आजवर किती जण गेले तो आकडा, तर पाटीची रुंदीही बदलावी लागणार नाही. काही पोरं तरीही जातील. पण एखादा वर बघेल.

चिंचोटीहून कामणमार्गे अंजूरफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दल मात्र कुठलीच भिंत बोलत नाही. हा रस्ता खड्डे आणि धुळीसाठी बदनाम आहे. दिवसभर कंटेनर जातात, झाडांची पानं राखाडी असतात, रस्त्याकडेच्या घरांतली लहान पोरं कायम खोकतात. दोन आठवड्यांहून जास्त. मी मुद्दाम शोधलं. हातावर, डासावर, पाण्यावर, थुंकीवर, तंबाखूवर पाट्या आहेत, धुळीवर एकही नाही. कशी असेल? ‘धूळ उडवू नका’ हे सांगायचं तर पादचाऱ्याला सांगून भागत नाही. तिथे कंत्राटदाराला, खात्याला, महामंडळाला तृतीय पुरुषात, नाव घेऊन, कर्तरी प्रयोगात सांगावं लागेल, आणि त्या प्रयोगाचा रंग सरकारी डब्यात नाही.

तिथला एक टपरीवाला दुपारी बारा आणि चार वाजता टपरीसमोर पाणी मारतो. टँकरचं, विकत घेतलेलं, पिण्याच्या कॅनमधलं. वीसेक मिनिटं रस्ता काळा राहतो. तेवढ्यात तो चहा गाळून घेतो.